छत्तीस ग्रॅम पितळ

चाळीस वर्षं लेथ आणि मिलिंग मशीन चालवलेल्या माणसाला साधं वजन करता येत नाही, असं कोणी म्हटलं असतं तर टर्नरकाकांनी त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं. गल्लीत त्यांना सगळे टर्नरकाकाच म्हणत. केसाच्या जाडीचा फरक त्यांच्या बोटांना कळतो असा लौकिक होता, आणि या लौकिकाच्या बाबतीत काका नाकावर माशी बसू देत नसत. अशा माणसाने चूक केली ती इतकी भाबडी की रागवायचं तरी कोणावर! सुनेच्या स्पर्धेच्या पिस्तुलाचं वजन ते दोन वर्षं दर महिन्याला न चुकता करत होते, आणि दर महिन्याला न चुकता गोळ्यांचं मॅगझिन मुठीतून काढून बाजूला ठेवत होते. त्यांच्या लेखी मशीनचं वजन म्हणजे मशीनचं वजन. चक वेगळा, टूल वेगळं, जॉब वेगळा. मॅगझिन हा सुटा भाग, त्याला काट्यावर कशाला चढवायचं? काटा तेराशे बावन्न दाखवायचा, मर्यादा होती चौदाशेची. काका खूश, सून खूश.

नियमात मात्र रिकामं मॅगझिन लावूनच वजन धरायचं असं स्वच्छ लिहिलेलं होतं. आधीच्या सामन्यांत वजनाकडे कोणी एवढं बघितलं नव्हतं. शनिवारी सकाळी रेंजवर सामन्याआधीची तपासणी झाली तेव्हा ते कळलं. चौदाशे छत्तीस. रविवारी दहाच्या आत वजन बसलं नाही, तर सुनेला खुल्या गटात टाकणार होते, जिथे लोक दुर्बिणी लावलेली, हवी तेवढी जड पिस्तुलं घेऊन येतात. तिथे तिचा निभाव लागणार नव्हता. संघाची निवड याच सामन्यातून व्हायची होती, आणि ती याआधी तीनदा थोडक्यात हुकली होती. चौथ्यांदा कोणी विचारत नाही, हे तिलाही ठाऊक होतं आणि काकांनाही.

घरी येऊन तिने आदळआपट केली नाही. चपला जागेवर ठेवल्या, पाणी प्यायली आणि म्हणाली, "बाबा, मॅगझिनसकट धरतात. मीच नीट वाचलं नव्हतं."

काकांना दोन वर्षं बाजूला ठेवलेलं मॅगझिन आठवलं. तिने सगळा दोष स्वतःकडे घेतला याचंच त्यांना जास्त लागलं.

जेवणं झाली, सासूबाई आतल्या खोलीत आडव्या झाल्या आणि घर दुपारच्या गुंगीत गेलं. पडदा आत यायचा, बाहेर जायचा. काका ओट्याजवळ स्वयंपाकघरातला काटा घेऊन उभे राहिले. छत्तीस ग्रॅम म्हणजे नक्की किती, हे त्यांना हातात घेऊन बघायचं होतं. त्यांनी चमचा ठेवला, एकवीस. चष्मा ठेवला, एकोणतीस. चष्म्यावर कपाटाची किल्ली ठेवली तेव्हा बरोबर छत्तीस झाले, आणि चष्म्याविना त्यांना तो आकडा नाकाजवळ नेऊन वाचावा लागला. इतकंसं! एवढं तर माणूस नाकावर घेऊन दिवसभर हिंडतो. दुपारच्या उजेडात त्यांना सगळंच हलकं वाटू लागलं, ओटा, भिंती, आत झोपलेली बायको, जणू कोणी घराची दोरी सोडली असती तर ते सावकाश वर निघालं असतं. मग काय मनात आलं कोण जाणे, त्यांनी आपला उजवा हात काट्यावर ठेवला. आकडा उभा राहीना. चारशे दहा, चारशे चाळीस, तीनशे नव्वद, नुसता नाचत राहिला. काकांनी हात काढून घेतला आणि मागे कोणी बघत तर नाही ना, ते पाहिलं.

हे थरथरणं त्यांचं गुपित होतं. पिस्तुलाच्या मुठीवरच्या दोन पितळी पट्ट्या हे त्यांचं मशीनवरचं शेवटचं काम. गोळी सुटली की पिस्तूल हातात फार उसळतं, असं सून एकदा जेवताना सहज बोलली होती. काका जेवून उठले, आणि आठ दिवसांनी रुमालात गुंडाळलेल्या दोन पट्ट्या तिच्या ताटाशेजारी ठेवल्या. लग्नाआधी "बाईमाणसाला कशाला हवी बंदूक" असं म्हणणारे हेच गृहस्थ होते. माफी मागायची त्यांची रीत ही अशी, पितळी. बासष्ट बासष्ट ग्रॅमच्या त्या पट्ट्यांनी पिस्तूल तिच्या मुठीत गप्प बसलं. पण त्या आठ दिवसांतच काकांना कळलं होतं की हात आता आपलं ऐकत नाही. बाहेरून त्यांनी पट्ट्या घासून-पुसून आरशासारख्या केल्या. आतली बाजू कोण बघतंय? मग मशीनवर कापड टाकलं आणि आता आराम करणार म्हणून जाहीर केलं.

सून दारात येऊन उभी होती. तिने मूळच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या लावून पाहिल्या होत्या. वजन खूप खाली येत होतं, पण हाताला मुठीची ओळखच पटत नव्हती, आणि एका रात्रीत ती पटणारही नव्हती. वजन उतरवायला पिस्तुलाच्या वरच्या लोखंडाला भोक पाडायची या गटात बंदी होती. तिने हळूच विचारलं, पितळ आतून कोरता येईल का? बाहेरून तशीच मूठ, आतून पोकळ.

कोरता येणार होतं, काकांना ते सकाळीच सुचलं होतं. पण त्यासाठी स्क्रू काढून पट्ट्या उलट्या कराव्या लागणार होत्या. मशीन बंद आहे, ते म्हणाले. कटर बोथट झाले असतील. सेटिंग गेलं असेल. ती म्हणाली की दर रविवारी ती मशीनला तेल देते. काका तिच्याकडे बघत राहिले. ही पोर उद्या खुल्या गटात उभी राहणार, ती आपल्या चुकीमुळे, आणि आपण आपली लाज पोटाशी धरून बसलोय. त्यांना स्वतःची शिसारी आली. शेडची किल्ली घेऊन ते मागच्या बाजूला निघाले.

शेडमध्ये तेलाचा जुना ओळखीचा वास होता. पत्र्यातल्या काचेतून ऊन तिरपं खाली येत होतं. पिस्तूल तिने घरातल्या तिजोरीतच ठेवलं होतं, इकडे आल्या होत्या फक्त पट्ट्या. तिने त्या बाकावर उलट्या ठेवल्या. मागची बाजू बघण्यासारखी नव्हतीच. कटर जागोजाग घसरलेला, कुठे खोल चर, कुठे उंचवटा, एका कडेला तर चक्क दाताने चावल्यासारखं. शिकाऊ पोराने असं काम केलं असतं तर काकांनी त्याला दिवसभर झाडू मारायला लावलं असतं. ते सुनेच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. तिच्या चेहऱ्यावर काही नवीन दिसेना.

"उघडल्या होत्यास कधी?" त्यांनी विचारलं.

"दुसऱ्याच आठवड्यात. डावी जराशी डुलत होती, म्हणून आत कागदाची घडी घातली."

"आणि सांगितलं नाहीस."

"काय सांगायचं, बाबा? नेम लागत होता."

काका बाकाला टेकले. दोन वर्षं ही बाई त्यांच्या थरथरीवर कागदाची घडी घालून सामने खेळत होती. डोळे भरून आले ते त्यांनी तेलाच्या वासावर ढकललं. मग म्हणाले, कटर तू बसव, मी सांगतो तसं कर.

पट्टी व्हाइसच्या जबड्यात घट्ट धरली, आधी कडा साफ करून सपाट केल्या आणि मग मधला भाग कोरायला घेतला. एका फेरीला दोन दशांश मिलिमीटर, त्याहून जास्त नाही. काका शेजारी उभे राहून बोटांची टोकं व्हाइसवर ठेवून होते. पितळाचा कीस उडत होता, उन्हात आला की चमकायचा आणि सावलीत गेला की नाहीसा व्हायचा. सून हँडल फिरवायच्या आधी श्वास घ्यायची, अर्धा सोडायची, थांबायची, आणि त्या थांबण्यात फिरवायची. काकांना हसू आलं. चाळीस वर्षं ते हेच करत होते. याला काही नाव असतं, हे शिकवायला लोक शिबिरं भरवतात, हे त्यांना माहीतच नव्हतं. कुठला हात कुणाचा, हे त्या उजेडात त्यांना मधूनच कळेनासं व्हायचं. हात तिचे होते, पण फिरण्याची गती त्यांच्या खांद्यातून निघाल्यासारखी वाटायची. दर फेरीला तीन ग्रॅम जात होते, आणि दर फेरीला एकेक चर पुसला जात होता. सहा वेळा फिरल्यावर उजव्या पट्टीच्या पाठीवर काकांच्या हाताची एकही खूण उरली नाही.

डाव्या पट्टीवर मात्र जीव टांगणीला लागला. तिच्या पाठीवरचे चर जास्त खोल होते, तिथे पितळ आधीच पातळ होतं. पाच फेऱ्या झाल्यावर सून पट्ट्या घेऊन घरात गेली, सगळं जोडून वजन करून परत आली. चौदाशे एक. आणि रेंजवरचा काटा एक-दोन ग्रॅम इकडेतिकडे दाखवणार हे धरूनच चालायचं. अजून एक फेरी घेतली तर पितळ फाटेल का? फाटलं तर दुसरी पट्टी करायला वेळ नव्हता. सुनेने जाडी मोजायला मायक्रोमीटर पुढे केला. काकांनी तो घेतला नाही. त्यांनी पट्टी कानाशी धरली, नखाने टिचकी मारली, आणि डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिले.

"घे," ते म्हणाले. "आहे अजून अंग."

तिने श्वास घेतला, अर्धा सोडला, थांबली. तेराशे अठ्ठ्याण्णव.

रविवारी रेंजवर काका तिच्याबरोबर रांगेत उभे होते. टेबलामागच्या पंचांनी पिस्तूल तपासलं, मॅगझिन लावलं, काट्यावर ठेवलं. आकडा एकदा तेराशे नव्याण्णववर गेला आणि तिथेच थांबला. सुनेचा जीव भांड्यात पडला. तिने इतका मोठा सुस्कारा सोडला की मागचा माणूस हसला. पंचांनी तिच्यापुढे एक छापील कागद सरकवला. मुठीत बदल केला असल्यास, करणाऱ्या कारागिराचं नाव.

तिने पेन उचललं आणि काही न विचारता काकांचं नाव लिहायला वाकली.

काकांनी तिच्या हातातून पेन काढून घेतलं. दोन वर्षांत त्यांनी चारचौघांत एक ओळही लिहिली नव्हती. काही भरायचं असलं की चष्मा विसरलो म्हणून मोकळे व्हायचे. आता त्यांनी कागद नीट सरळ केला, डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि लिहायला घेतलं. पेन वाकडंतिकडं पळत होतं. पहिलं अक्षर रकान्याबाहेर गेलं. पंच बघत होते, मागची रांग बघत होती, आणि सून हात पुढे करायला निघाली तशी त्यांनी मान हलवून तिला थांबवलं. घाई कसली? अख्खं आयुष्य त्यांनी काम झाल्यावर सही केली होती, आणि हे काम चांगलं झालं होतं. कारागिराच्या रकान्यात त्यांनी सुनेचं नाव लिहिलं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, सगळ्यांना दिसेल असं थरथरत.