व्यासपीठावरून उतरवलेली सोनेरी खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. सिंहाच्या पंजासारखे पाय, सोनेरी रंग, लाल मखमल. लग्नात नवरदेव बसतो ना, तीच.

माझे मालक विश्रांतवाडीचे हुसेनभाई डेकोरेटर. लाकूडकाम सुताराचं, पण मखमल चढवली त्यांच्या बायकोने, कमरजहांभाभींनी. जमिनीवर बसून, दातांत खिळे धरून. टेम्पोत चढवताना बजावायच्या, "कुणी बसू नका, मळेल." स्वतःही कधी बसल्या नाहीत.

लग्नं पुष्कळ पाहिली. माझ्यावर बसलेला माणूस आधी पाठ ताठ करतो, मग फोटोवाला शोधतो. नवरदेव काय, नगरसेवक काय, सवय एकच.

गेल्या हिवाळ्यात एका बड्या हॉटेलातल्या परिषदेचं काम मिळालं. विषय होता, जगातली संपत्ती मूठभरांच्या हाती का गोळा होते. देशोदेशीचे उद्योगपती बोलणार होते. इतकं मोठं काम हुसेनभाईंना पहिल्यांदाच मिळत होतं. त्यांनी आम्हा सहाही खुर्च्यांना नवा रंग दिला.

सकाळी आम्ही व्यासपीठावर झळकत होतो. संयोजक शेफालीमॅडम आल्या नि थबकल्या.

"काका, या नकोत. विषय विषमतेचा आहे. फोटोत कसं दिसेल?"

"मग पाहुण्यांना सतरंजी अंथरू?" हुसेनभाईंनी शांतपणे विचारलं.

मॅडमना हसू आलं, पण त्या बधल्या नाहीत. बांबूचे मोढे आले, बिनपाठीची बुटकी बैठकं. साधे, पण खास विमानाने मागवलेले. आम्ही पडद्यामागे.

तिथून सगळी भाषणं ऐकली. लोक कळकळीने बोलत होते, खोटं कशाला सांगू? फक्त अधूनमधून मोढे करकरायचे. मध्यंतरात एक वक्ते कंबर धरून पडद्याआड आले, माझ्यावर टेकले आणि डोळे मिटून बसून राहिले.

त्या दिवसापासून हुसेनभाईंचं आमच्यावरून मन उडालं. लग्नवालेही आता साध्या बैठका मागू लागले होते. त्यांनी आम्हाला एका मंगल कार्यालयाला विकायचं ठरवलं. टेम्पो दारात आला. पाच जणी चढल्या. माझी पाळी आली, तेवढ्यात भाभी आल्या आणि सरळ माझ्यावर बसल्या.

"अहो, ही राहू द्या. गुडघे आता जमिनीवर बसू देत नाहीत. नमाजही खुर्चीवरच पढायला सांगितलीय डॉक्टरांनी."

"प्लास्टिकची आणतो ना."

"मखमल चढवली मी. बसणारही मीच."

हुसेनभाई दाराकडे वळले. मग टेम्पोवाल्याला म्हणाले, "पाचच न्या."

आता माझी जागा खिडकीपाशी. भाभी माझ्यावर बसून साड्यांना फॉल लावतात, वाटाणे सोलतात, नमाज पढतात, दुपारी डुलकीही काढतात. पाठ ताठ करत नाहीत. त्यांच्या कोपरांनी माझ्या हातांवरचा सोनेरी रंग उडालाय, खालचं लाकूड दिसतं. मला ते आवडतं.

विश्रांतवाडीला आलात तर जरूर या. चहा मिळेल. बसायला मात्र दुसरं काही बघा. मी रिकामी नसते.