हे काय म्हनतेत

सुग्रीवचे दात एकदम गेले नाहीत. तंबाखूनं आणि वयानं मिळून ते एकेक करत नेले. शेवटची दाढ गेली त्या आठवड्यात चौसाळ्याच्या बाजारात त्यानं चहावाल्याला साखर कमी टाकायला सांगितलं, तर त्या भल्या माणसानं दोन चमचे जास्तच टाकली. तेव्हापासून ताराबाई, त्याची बायको, सगळीकडं त्याच्याबरोबर जायला लागली. तोंडाचं बोळकं झालं होतं आणि त्यातून निघणारं बोलणं पातळ पेजेसारखं, कुठला दाणा वेगळा म्हणून सापडायचा नाही. ताराबाईला मात्र सगळं सापडायचं. तो पुटपुटला की ती समोरच्याला सांगायची, “हे म्हनतेत...”

सांगताना ती पदरचं घालायची, हेही खरंच. सुग्रीवनं बोकडाचा भाव सांगितला की तिच्या तोंडून तो चढूनच बाहेर पडायचा. त्यानं पोराला, अंगदला, शिव्या घातल्या तर निम्म्या ती गिळून टाकायची. सुग्रीवनं डोळे वटारले की खुशाल म्हणायची, “हे म्हनतेत, मी सांगितलं तेच बराबर हाय.” मेंढरांना तेवढं मधलं माणूस लागत नव्हतं, ती त्याच्या नुसत्या आवाजावर वळायची. बाकी घरात लेकानं-सुनेनंसुद्धा म्हाताऱ्याचं बोलणं स्वतः समजून घ्यायची तसदी कधी घेतली नाही. ताराबाई होती ना!

मग गावात दातांचं शिबिर आलं. वैष्णवी नावाची तरुण डॉक्टरीण बीडच्या दवाखान्यात कवळी फुकट बसवून देणार होती. तिचा अभ्यास चालला होता. दात गेल्यानं माणसाचं बोलणं किती बिघडतं आणि कवळीनं किती सुधारतं, हे तिला मोजायचं होतं. कवळीच्या आधी एकदा आणि तिची सवय झाल्यावर एकदा, असं बोलणं मशीनवर भरून घ्यायचं. मग अनोळखी माणसांनी ते ऐकायचं आणि त्यांना किती शब्द कळले ते बघायचं.

“कावून पायजेत आता दात?” सुग्रीव पुटपुटला. “मला कोन पोरगी द्यायलंय?”

ताराबाईनं या वेळी डॉक्टरणीला काही सांगितलं नाही. त्याच्याकडं वळून म्हणाली, “मी काय जन्माला पुरनार हाय व्हय तुमाला? म्या डोळे मिटल्यावर तुमचं बोलनं कुनाला कळंल?”

त्यावर म्हातारा उठला आणि दवाखान्यात गेला.

सुग्रीवला वाचता येत नव्हतं, म्हणून वैष्णवीनं चित्रं धरली. शेळीचं चित्र आलं. सुग्रीवनं ते नीट निरखलं आणि काहीतरी बोलला.

“शेळी म्हनतेत,” शेजारच्या खुर्चीवरून ताराबाईनं लगेच सांगितलं. “गाभन हाय म्हनतेत.”

“आजी, तुम्ही नका ना बोलू. त्यांचंच बोलणं हवंय.”

“त्यांचंच सांगायलेय की, माय.”

पुढचं चित्र साखरेचं. “साखर म्हनतेत. चहात कमी टाका म्हनतेत.” इतकी वर्षं समोरच्याला कळावं म्हणून जिनं जीव काढला, तिला, न कळण्याचंच इथं मोजमाप आहे, हे कुठून उमगावं? ती मदतच करत होती. शेवटी वैष्णवीनं हात जोडले, ताराबाईला दाराबाहेर बसवलं आणि सगळं पहिल्यापासून भरून घेतलं. चित्रं संपली तेव्हा बंद दाराकडं बघत सुग्रीव आणखी बरंच काही पुटपुटला. “हो हो आजोबा, झालं,” म्हणत वैष्णवीनं मशीन बंद केलं. तो बाहेर आला तर ताराबाई पदर तोंडाला लावून हसत होती. कावून हसतेस, असं त्यानं विचारलं नाही. तिचं हसणं रोजचंच होतं.

कवळी बसली. हिरड्यांना फोड आले, जेवण बेचव झालं. चारचौघांत सुग्रीव ती कशीबशी लावायचा आणि घरी आला की वाटीत काढून ठेवायचा.

“एकदा दात लावून बोला की माझ्यासंगं,” ताराबाई म्हणायची. “कसं वाटतं ते तर ऐकू द्या.”

“तुला कळतंय की तसंच.”

ज्वारी हुरड्यात आली होती. मेंढरांना पाणी पाजता पाजता ताराबाई हौदाच्या कडेला टेकली, ती उठलीच नाही.

माणसं भेटायला येत होती. कुणीतरी विचारलं, “कसं झालं वं एकाएकी?” सुग्रीवनं सांगितलं. तोंडात दात नव्हते. ऐकणाऱ्यांनी माना डोलवल्या आणि मग सवयीनं साऱ्यांनी त्याच्या शेजारी बघितलं, जिथं ती बसायची तिथं. क्षणभर सगळेच थांबून राहिले. सुग्रीवला त्या क्षणी कळलं की आपण मुके झालो.

अंगदच्या मोबाईलमध्ये तिचे फोटो होते, आवाज नव्हता. फोन समोर धरला की ती तोंडाला पदर लावून बसायची. रात्रंदिवस सुग्रीव तिचा आवाज आठवू पाहायचा आणि तो दिवसेंदिवस लांब जायचा. एका सकाळी त्याला मशीन आठवलं. तो अंगदला सांगायला गेला, दोनदा सांगितलं, तीनदा सांगितलं. अंगद नुसता तोंडाकडं बघत राहिला. मग सुग्रीवनं वाटीतली कवळी धुतली, तोंडात बसवली आणि म्हणाला, “अंगद, त्या डॉक्टरनीच्या मशीनीत तुझ्या मायचा आवाज हाय.”

घरात त्यानं दात लावून बोललेलं ते पहिलं वाक्य. ज्या माणसाला ते ऐकायचं होतं ते नव्हतं. अंगद बापाच्या गळ्यात पडून रडला.

दुसऱ्या मोजमापासाठी डॉक्टरणीनं बोलावलं, तोवर सुग्रीवनं कवळी दिवसा एकदाही काढली नाही. तोंड सोललं तरी काढली नाही. अंगदनं मोटरसायकलवर बीडला नेलं. तीच खोली, तीच चित्रं. शेळी. साखर. दात. फूल. प्रत्येक शब्द टाकीनं घडवल्यासारखा आला. वैष्णवी खूश झाली. “आजोबा, आता कुणालाही सगळं कळेल!”

“माझं एक काम हाय,” सुग्रीव म्हणाला. “पहिल्या बारीला ती मधीमधी बोलत होती. तेवढं मला ऐकवा. ती गेली.”

वैष्णवीचा चेहरा उतरला. “आजोबा, दुसऱ्या कुणाचा आवाज आला की मोजमाप बिघडतं. तो भाग मी तेव्हाच पुसला. मला माहीत नव्हतं हो...”

अंगदनं बापाचा दंड धरला. सुग्रीव हलला नाही. “ती दाराभायेर बसली होती तवाचं हाय ना? तेच लावा.”

मशीन सुरू झालं. त्यातून त्याचाच जुना, बोळका आवाज आला. मग थोडी शांतता. त्या शांततेत सुग्रीव हळूच म्हणाला, “शेळी म्हनतेत. गाभन हाय म्हनतेत.” पुढचा शब्द आला, पुन्हा शांतता. “साखर म्हनतेत.” वैष्णवीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तिनं त्याला थांबवलं नाही.

चित्रं संपली. आवाज मात्र चालूच राहिला. लांबलचक पुटपुट आली, दाराकडं तोंड करून केलेली.

“हे शेवटचं आमच्यापैकी कुणालाच कळलं नाही,” वैष्णवी म्हणाली. “काय म्हणाला होतात आजोबा?”

“परत लावा.”

तिनं परत लावलं. सुग्रीवनं कान मशीनला भिडवला. आणखी एकदा लावायला सांगितलं. तोंड त्याचं, आवाज त्याचा, आणि त्याला एक शब्द सापडेना. आठवूनही आठवेना. त्याला फक्त दाराबाहेर पदराआड हसणारी ताराबाई आठवत होती. तिला सगळं कळलं होतं.

सुग्रीवनं मान वळवून शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडं बघितलं आणि नव्या दातांनी, अगदी स्वच्छ विचारलं, “अगं, काय म्हनलो गं मी?”