हिरवा ठिपका

माझा धाकटा भाऊ फ्रीज सांभाळतो. हसू नका, त्याच्या गळ्यात ओळखपत्र आहे.

फ्रीज आमच्या दवाखान्यातला, लसींचा. सौरपॅनेल एका कंपनीचं, सेन्सर एका विद्यापीठाचा, पैसा परदेशी संस्थेचा, जागा सरकारची. प्रत्येकाने दारावर आपापलं स्टिकर चिकटवलंय. हँडल चाचपून शोधावं लागतं. आतली थंडी सेन्सर सातासमुद्रापार कळवतो. तिथल्या पडद्यावर आमचा फ्रीज म्हणजे एक ठिपका. सगळं ठीक असेल तर हिरवा. दार उघडलं की लाल, आणि भावाला फोन.

म्हणून भाऊ दार उघडू देत नाही.

पडदा: हिरवा.

माझ्या लेकीला कुत्रं चावलं.

(गोष्ट इथूनच सुरू करायला हवी होती. पण आधी फ्रीज, मग माणूस, असाच क्रम आहे आमच्याकडे.)

पोटरीला चावलं. साबण लावून नळाखाली धुतली, वर पट्टी गुंडाळली आणि तिला उचलून दवाखान्यात नेलं. दारात मोठी गाडी, आत पाहुणे. फ्रीज बघायला आले होते.

"मामा, दुखतंय."

"आज नको गं ताई," भाऊ माझ्या कानाशी कुजबुजला. "पाहुणे गेले की लगेच."

"बरं. कुत्र्याला सांगायला हवं होतं, उद्या चाव म्हणून."

"तसं नाही. ठिपका एकदाही लाल झालेला नाही. आज पास झालो की असे दोनशे फ्रीज येणार."

"म्हणजे दोनशे बंद दारं."

नर्सबाई भिंतीला टेकून उभी होती. "मी किल्ली मागून थकले," ती म्हणाली. "तान्ही बाळंसुद्धा शहरात पाठवते."

पडदा: हिरवा.

भाषणं चालू होती. कंपनीने विद्यापीठाचे आभार मानले, विद्यापीठाने संस्थेचे, संस्थेने सरकारचे. फ्रीजचे कुणी मानले नाहीत. तोच तेवढा काम करत होता.

किल्ली भावाच्या ओळखपत्राच्या नाडीलाच होती. मी नाडी ओढली, भाऊही आला. दार उघडलं.

पडदा: लाल.

फ्रीजचा भोंगा वाजला. पाहुण्यांना वाटलं प्रात्यक्षिक आहे. टाळ्या! विद्यापीठवाल्याने तर उठून टाळ्या वाजवल्या. नर्सबाईने कुत्रा चावल्यावरची लस काढली, बाटली उजेडात धरली आणि खाली ठेवली.

"मुदत संपलीय. गेल्या महिन्यातच."

"पण थंड आहे ना?" भाऊ म्हणाला.

"थंड तर मढंही असतं रे," मी म्हणाले.

त्याने दार लावलं. कुणी सांगितलं नव्हतं, हाताला सवय.

मी लेकीला उचललं आणि पाहुण्यांच्या गाडीत जाऊन बसले. संस्थेच्या बाई धावत आल्या. लाभार्थींना गाडीत बसवायची तरतूद नाही म्हणाल्या.

"मग उतरवा."

कुणी हात लावला नाही. त्यांचाच फोटोग्राफर समोर उभा होता.

शहराच्या रस्त्याला लागल्यावर बाईंनी मांडीवर टॅब्लेट घेतला. वेळ वाया का घालवायचा?

"फ्रीजबद्दल आपलं समाधान किती? एक ते पाचमध्ये सांगा."

"शून्य आहे का?"

"एकपासून सुरू होतं."

"मग विचारता कशाला?"

त्यांनी काहीतरी दाबलं. काय ते मी बघितलं नाही. लेकीची पट्टी सुटत होती.

शहरातल्या दवाखान्यातला फ्रीज जुनाट, पोपडे उडालेला. दारावर एकही स्टिकर नाही. समोर ही रांग! तिथली नर्स दार उघडायची, बाटली काढायची, कोपराने ढकलून लावायची, की लगेच पुढचा माणूस. लेकीचं इंजेक्शन त्यातूनच निघालं. ती किंचाळली. मला इतकं बरं वाटलं ते ऐकून.

तेवढ्यात भावाचा फोन.

"ताई, पास झालो! मधला लाल त्यांनी चाचणी म्हणून धरला. दोनशे फ्रीज मंजूर."

"भाचीला इंजेक्शन मिळालं," मी म्हणाले.

"हो का? छान. कुठल्या फ्रीजमधलं?"

मी फोन ठेवला. त्याच्या ठिपक्याला ते कळलं नसतं.