दिवा लागणारा पुठ्ठा

बंदुकीचा दस्ता खांद्यावर बसला तशी तिन न्यो गुडघ्यांवर कोसळली.

"बॉम्ब कुणासाठी बनवतेस, बोल!" हवालदार ओरडला. त्याच्या हातात शेवयांच्या खोक्याचा पुठ्ठा होता. मागे तारांचं जाळं, टॉर्चची बॅटरी, कोपऱ्यात इवलासा दिवा.

"बॉम्ब नाही हो साहेब. पोरीचा अभ्यास आहे."

"तारांचा अभ्यास?" त्याने तिच्या हातावर बूट दाबला. बोट कडकन मोडलं.

म्हातारा सासरा, ऊ थिट, घराच्या शिडीवरून धडपडत उतरला. "माझ्या पोराने केलंय ते, साहेब. मास्तर होता तो."

"मास्तर? सगळे मास्तर बंडखोरांना सामील! मग तर बॉम्बच!" दस्ता म्हाताऱ्याच्या छातीत बसला. तो भुईमुगाच्या पोत्यांवर आडवा झाला. तोंडातून रक्त आलं.

लढाई गावाजवळ आली तेव्हा शाळा बंद पडली होती. मग मास्तरने हा पुठ्ठा केला. एका बाजूला चित्रं, दुसऱ्या बाजूला शब्द. तारेचं एक टोक चित्राला, दुसरं त्याच्याच शब्दाला लावलं की दिवा लागायचा. आई दिवसभर शेतात. पोरगी यिन एकटीच दिवे लावत वाचायला शिकली. पावसाळ्यात सैनिकांनी मास्तरला नेलं, तो परतला नाही. तिन न्योला अक्षरओळख नव्हती. पुठ्ठ्याला तिने कधी हात लावला नव्हता.

"लावून दाखव," म्हणत हवालदार ताडाच्या झाडामागे सरकला. त्याच्याबरोबरचे सैनिक जमिनीवर पालथे पडले. सगळ्या बंदुकांच्या नळ्या तिच्यावर.

तिने एक तार म्हशीच्या चित्रावर ठेवली. शब्द सगळे गोल गोल, सगळे सारखेच. एकावर दुसरी तार टेकवली. दिवा लागला नाही. दुसऱ्यावर टेकवली. नाहीच.

"खोटारडी!" हवालदार धावत आला. ठोशाने तिचा दात पडला. बंदुकीचा खटका वाजला.

"आई, ते नाही! ती होडी आहे. त्याच्या खालचं लाव!"

केळींच्या आड लपवलेली यिन बाहेर आली होती.

"येऊ नकोस! माघारी जा!" तिन न्यो किंचाळली.

पण यिन खाली बसली. तारा हातात घेतल्या. "म्हैस," ती म्हणाली. दिवा लागला. "होडी." लागला. "विहीर." पुन्हा लागला.

"आयला, खरंच लागतोय की!" मागून एक सैनिक हसला. मग दुसरा.

हवालदाराचा चेहरा लालबुंद झाला. त्याने पुठ्ठा बुटाखाली चिरडला.

"दात काय काढताय? पेटवा घर!"

बांबूचं घर, बघता बघता गेलं. तिन न्योने सासऱ्याला ओढत धगीपासून लांब आणलं तेव्हा कळलं, त्याचा श्वास थांबला होता.

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांनी त्याला रानाच्या कडेला पुरलं. दगड नव्हता, म्हणून अर्धी जळकी फळी रोवली. यिनने कोळशाने आजोबांचं नाव लिहिलं.

"यातलं थिट कुठलं गं?" सुजलेल्या तोंडाने तिन न्योने विचारलं.

यिनने तिचं धड बोट धरून अक्षरांवरून फिरवलं. तिन न्योने ते पुन्हा एकदा आपलं आपण फिरवलं.

"खाली जागा आहे," ती म्हणाली. "तिथं बाबांचं लिही."

यिनने आईकडे पाहिलं. मग कोळसा उचलला.