कबऱ्याचं पोट

चतुराबाईनं सगुणाबाईच्या ओट्यापुढं उभं राहून तोंड सोडलं, तेव्हा आमची अख्खी आळी आवणीला, भाताची रोपं लावायला, निघाली होती. आखाड सरत आला होता. पाऊस असा लागलेला, की समोरचा डोंगर कित्येक दिवसांत कुणाला दिसला नव्हता. आम्ही बाया डोक्यावर प्लास्टिकचे कागद घेऊन, साड्या गुडघ्यापर्यंत खोचून उभ्या, आन् मधोमध चतुराबाई, डोक्यावर काही न घेता, भिजत.

"कोंबडीच्या एका पिल्लापायी मुक्या जितराबाला इख घातलं का गं? हात कसा धजावला तुझा?"

सगुणाबाई चुलीपुढून उठून आली. हाताला भाकरीचं पीठ तसंच. "काय बोलू ऱ्हायली तू, चतुरे? कोनाला इख घातलं?"

"कबऱ्याला! रगात पडू ऱ्हायलं त्याचं. पानी पोटात ठरत नाय. तूच म्हनली व्हती, एक दिस या कुत्र्याला इख घालीन. सगळ्यांनी आयकलंय."

"म्हनले आसंल. माझं पिल्लू तोंडात धरून पळाला, तव्हा रागाच्या भरात म्हनले. तेवढ्यावरून मी घातलं व्हय?"

"मंग कोन? माझ्या दारी दुसरं कोन येतंय?"

सगुणाबाईनं आमच्याकडं पाहिलं. कुणीतरी आपल्या बाजूनं बोलावं असं तिला वाटलं असणार. आम्ही कुणी बोललो नाही. सकाळची घाई, वरून पाऊस, आन् दुसऱ्याच्या भांडणात पडायचं म्हणजे अंगात बळ लागतं. तिनं पिठाचे हात तसेच जोडले. "माझ्या लेकरांची आन हाय," एवढंच म्हणाली, आन् आत गेली.

आमच्याकडं आवणी सावडीनं होते. आज तुझ्या खाचरात, उद्या माझ्या. त्या दिवशी सगुणाबाई आली नाही. चतुराबाई तर कुत्र्याच्याच धावपळीत होती. आमची भात लावणारी रांग दात पडलेल्या तोंडावानी दिसत होती.

हा कबऱ्या मूळचा भिमाबाईचा. भिमाबाई म्हणजे आळीच्या टोकाला एकटी राहणारी म्हातारी. गुडघे गेले, भिंतीतून पाणी झिरपायला लागलं, म्हणून तिची लेक उज्वला तिला नाशिकला आपल्या फ्लॅटवर घेऊन गेली. तिथं वरच्या मजल्यावर कुत्रं चालत नाही. निघायच्या दिवशी म्हातारीनं कबऱ्याच्या गळ्यातली दोरी चतुराबाईच्या हातात दिली.

"नागलीची भाकर ताकात कुस्करून घालीत जा. सकाळी थोडी, सांच्याला थोडी. दुसरं काय नको देऊ बाई. त्याच्या पोटाला दुसरं म्हाईतच नाय."

"आवं मामी, माझ्या घरी काय कमी हाय? राजावानी ठेविते त्याला."

"राजावानी नको. व्हता तसा ठेव," म्हातारी म्हणाली आन् गाडीत बसली.

चतुराबाईच्या घरी खरंच कमी नव्हतं. दारात दुभती म्हैस, आन् खाणारी माणसं दोनच, ती आन् नवरा पुंजाराम. पोरगा दिनेश सातपूरला कंपनीत, सणावाराला तोंड दाखवणार. रानातून घरी आल्यावर दारात कुणीतरी वाट बघणारं असावं, असं तिला फार वाटायचं. पण कबऱ्या तिच्याकडं ढुंकून बघेना. दोरी सोडली की तडक भिमाबाईच्या कुलूप लावलेल्या घरापुढं जाऊन पडायचा. ताकातली भाकर तशीच आंबून जायची.

मग तिनं दुधाची वाटी पुढं केली. कबऱ्यानं हुंगलं आन् लपालपा पिऊन टाकलं. बाईला भारी वाटलं. दुसऱ्या दिवशी दुधावरची साय दिली. मग तूपभात. मग चहात बुडवलेली बिस्किटं. कुत्रं तिच्या मागं मागं फिरायला लागलं. पाणवठ्यावर गेली तर पाणवठ्यावर, गोठ्यात गेली तर गोठ्यात. ती आम्हाला सांगायची, "बघा बया, म्हातारीला इसरला का नाय?"

हगवण तर तेव्हाच लागली होती. पण पावसाळ्यात कुत्र्यामांजरांचं चालायचंच, असं तिनं मनाला समजावलं. त्यात आखाडाचं मटण आलं. पुंजाराम घोटीहून घेऊन आला होता. चतुराबाईनं चरबीचे तुकडे, हाडकं आन् वाडगाभर तेलाचा तवंग आलेला रस्सा भातावर ओतून कबऱ्यापुढं ठेवला. "म्हातारीच्या घरी कधी भेटलं आसंल का रे तुला?" असं त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. उजाडता उजाडता कुत्रं ओकायला लागलं. मागून पाणी, आन् पाण्यात रक्त. तेवढं बघून ती तशीच सगुणाबाईच्या दारात गेली होती.

ती माघारी आल्यावर पुंजारामनं टोमॅटोच्या क्रेटमध्ये गोणपाट टाकलं, त्यावर कबऱ्याला निजवलं, वरून कागद झाकला आन् मोटारसायकलला क्रेट बांधलं. क्रेट सांभाळत चतुराबाई मागं बसली. घोटीपर्यंत कुत्र्यानं मान वर केली नाही. तिचा हात कागदाखाली त्याच्या पोटावर होता. पोट ढोलासारखं ताणलेलं.

घोटीच्या दवाखान्यातली जनावरांची डॉक्टरीण मूळची नाशिकची, तरुण, बोलायला गोड. तिनं ताप बघितला, पोट दाबलं, हिरड्या बघितल्या.

"काय खायला घातलं होतं?"

"काय नाय बाई. कुनीतरी इख घातलंय," चतुराबाई म्हणाली.

"ते बघते मी. पण तुम्ही काय घालत होता?"

"भाकर... आन् दूध थोडं."

"थोडं म्हणजे?"

"तांब्याभर."

पुंजारामनं मान वळवून बायकोकडं पाहिलं.

"आणखी?"

"तूपभात. बिस्किटं."

"काल?"

चतुराबाई पदराचं टोक पिळायला लागली. "मटन केलं व्हतं."

"मला म्हनली, उरलेलं मटन भावाकडं धाडलं म्हनून!" पुंजाराम ओरडला. "चरबी काढून कुत्र्याला घातली व्हय?"

"थोडीच घातली व्हती."

कुत्रं मूळचं म्हातारीचं, हेही मग पुंजारामनं सांगितलं. डॉक्टरीण रागावली नाही. रागावली असती तर चतुराबाईला बरं वाटलं असतं. ती सरळ म्हणाली, "विष नाही हे, ताई. विषाचं दिसणं वेगळं असतं. याचं घर बदललं, माणूस बदललं, आणि त्यातच सगळं खाणंही एकदम बदललं. वरून एवढी चरबी. आतडी सुजलीत. आणखी एक दिवस गेला असता तर अवघड होतं."

तिनं सलाईन लावलं, दोन सुया टोचल्या. संध्याकाळपर्यंत खायला काही नाही, पाणी पण घोटघोट. मग बिनामिठाचा, बिनातेलाचा मऊ भात, चार घास, पुन्हापुन्हा. दूध बंद. जरा सावरला की आधीची भाकर थोडी थोडी भातात मिसळत न्यायची. रक्त पुन्हा दिसलं तर तसंच उचलून आणायचं.

परत येताना पाऊस तोंडावर मारत होता. पुंजाराम गाडी चालवता चालवता एवढंच म्हणाला, "वड्याचं तेल वांग्यावर काढलंस तू. त्या सगुणाला काय तोंड दाखवशीन?" आळीत शिरताना चतुराबाईनं पदर असा पुढं ओढला, की सगुणाबाईचा ओटा डोळ्याला दिसू नये.

घरी आल्यावर तिनं उरलेला रस्सा उकिरड्यावर नेऊन ओतला. ओतल्यावर वाटलं, गावातली दुसरी कुत्री येऊन खातील. म्हणून वरून फावड्यानं माती ओढली. मग तिथंच पावसात उभी राहिली. आवणीहून परतलेली मी गोठ्यातून बघत होते. हाक मारावी असं वाटलं, पण मारली नाही.

सांजच्याला भिमाबाईचा फोन यायचा, रोजच. रोज विचारायची, खातो का? आन् रोज चतुराबाई सांगायची, लय मजेत हाय. त्या दिवशी ती फोन उचलेना. पुंजारामनं उचलला आन् तिच्या हातात दिला.

"खाल्लं का गं त्यानं?"

"खाल्लं मामी."

"ताकातली भाकर?"

"व्हय."

"आज लय आठवन येऊ ऱ्हायली त्याची. त्याच्या कानाशी फोन धर बरं. दोन शब्द बोलते."

काय करणार? तिनं फोन मोठ्या आवाजावर करून कबऱ्याच्या कानाशी धरला. तो गोणपाटावर कलंडून पडला होता, डोळे अर्धे मिटलेले.

"कबऱ्या! ए माझ्या सोन्या! आयकू येतं का रे?"

कुत्र्यानं कान टवकारला. मान उचलायला गेला, जमलं नाही, परत खाली टाकली. शेपूट मात्र जमिनीवर आपटली. एकदा, मग थांबून आणखी एकदा. तोंडातून बारीक कण्हण्यासारखा आवाज आला.

म्हातारीनं तो आवाज ओळखला. मग म्हणाली, "चतुरे, आजारी हाय ना त्यो?"

चतुराबाईचा बांध तिथं फुटला. दूध, साय, मटण, रक्त, डॉक्टरीण, सगुणाबाईच्या दारातलं भांडण, सगळं एका दमात सांगितलं. "मामी, माझं व्हावं म्हनून घालीत गेले वं. तुमाला इसरावा म्हनून घालीत गेले. त्याच्या भुकंसाठी नाय घातलं, माझ्या भुकंसाठी घातलं."

म्हातारी शिव्या देईल असं तिला वाटलं. तिनं दिल्या नाहीत.

"तुला सांगून गेले व्हते गं," भिमाबाई म्हणाली. दुसरं काही नाही. मग म्हणाली, "भात मऊ शिजव. हातानं चार. आन् सगुणाला जाऊन भेट. एकटीनं नको भेटू. जेवढ्यांच्या पुढं बोललीस, तेवढ्यांच्या पुढं भेट."

त्या रात्री भाताचे चार घास कबऱ्याच्या पोटात राहिले. चतुराबाई मात्र जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी आवणी सगुणाबाईच्याच खाचरात होती. कबऱ्यापाशी पुंजारामला बसवून चतुराबाई बांधावर आली. आम्ही वाकून रोपं खोचत होतो. एकेक करून सगळ्यांच्या कमरा सरळ झाल्या. सगुणाबाईची नाही. ती वाकलेलीच.

"सगुने," चतुराबाई म्हणाली. "इख कुनी घातलं नाय. म्या घातलं. माझ्या हातानं नको नको ते चारलं आन् आळ तुझ्यावर घातला. तुझ्या लेकरांची आन तुला घ्यायला लावली. या सगळ्या बाया हायेत, त्यांच्या देखत सांगते. चूक माझी हाय."

पाऊस पडत होता.

"बोल ना गं कायतरी. शिव्या दे."

सगुणाबाई पुढचं रोप खोचत राहिली. चतुराबाईनं चपला बांधावर काढल्या, साडी खोचली आन् खाली उतरली. सगुणाबाईच्या शेजारी मोकळी जागा होती, तिथं जाऊन उभी राहिली. तिच्याकडं रोपं नव्हती. सगुणाबाईनं मागं पडलेली एक जुडी उचलली आन् तिच्याकडं न बघता तिच्या पुढ्यात भिरकावली. गाळ उडून चतुराबाईच्या सगळ्या तोंडावर आला. आमच्यातलं कुणी हसलं नाही. तिनं तोंड पुसलं नाही. जुडी सोडली आन् लावायला लागली. दिवस मावळेपर्यंत दोघी शेजारी शेजारी वाकलेल्या होत्या, एक शब्द न बोलता.

कबऱ्या सावरत गेला. पण लगेच नाही. मध्येच एकदा पुन्हा पातळ झालं. चतुराबाई त्याच्या मागं मागं रानात फिरायची आन् खाली वाकून बघायची. गावातली माणसं हसायची. ती हसू द्यायची. भातात भाकरीचा चतकोर, मग अर्धी, असं करत करत ती ताकातल्या भाकरीवर आली. दुधाची किटली आता फळीवर, कुत्र्याच्या नजरेआड. तो तिच्या मागं पहिल्यासारखा पळत नव्हता. समोर ठेवलं की खायचा आन् निघून जायचा. तिनं त्याला हाक मारली नाही.

श्रावण लागल्यावर एका सकाळी मी शेण काढत होते. शेजारच्या गोठ्यामागून चतुराबाईची आरोळी आली, "आवं, या इकडं! लवकर या!"

पुंजाराम धोतर सावरत पळाला. मी पळाले. सगुणाबाईसुद्धा हातातला हंडा खाली ठेवून कुंपणाच्या कुडापाशी आली. बघतो तर चतुराबाई खाली बोट दाखवत उभी, डोळे भरलेले.

"बघा! कबऱ्याला कसं बांधून झालंय! एकदम घट्ट!"

पुंजारामनं कपाळावर हात मारला. "आगं, म्या समजलो साप निंगाला!"

मला हसू आवरेना. सगुणाबाईच्या तोंडालाही हसू फुटलं, आन् ते फुटलं हे ध्यानात येताच तिनं तोंड फिरवलं. चतुराबाई कुडापाशी गेली.

"सगुने, आता तरी बोल माझ्याशी."

सगुणाबाईनं हंडा उचलून कडेवर घेतला. "कुत्र्याच्या पोटातलं निंगून गेलं बाई. माझ्या पोटातलं आजून बसलंय."

"बसू दे," चतुराबाई म्हणाली. "म्या कुठं पळून चाललेय?"

सगुणाबाई पाणवठ्याच्या वाटेला लागली. चार पावलं गेल्यावर मागं न बघता म्हणाली, "हंडा घेऊन येयाचं तर ये. पानवठ्यावर गर्दी व्हईल."

चतुराबाई हंडा आणायला घरात पळाली.