सीमेपलीकडची टिकली

अंकिता माधवनगरची. दुकानांच्या पाट्या रंगवून हात बसलेला, पण अख्खा देश रंगवायची ही पहिलीच वेळ. आणि साताऱ्यातल्या कोरेगावजवळच्या एका फौजी गावानं तिला शाळेची सगळ्यात लांब भिंत देऊन टाकली होती. नवव्या दिवशी भारत पुरा झाला. दोन पुरुष उंच! शिडीवरून उतरून तिनं लांबून बघितलं आणि एकटीच टाळ्या पिटत नाचली. लाज कसली? काम झालंच होतं तसं झकास.

गावाची रीत मोठी गोड. ज्या घरचा माणूस फौजेत, त्या घरच्या बाईनं पंधरा ऑगस्टला नकाशावर त्याच्या ठिकाणी टिकली लावायची. बदली झाली की टिकली हलवायची. आजवर हे एका जुनाट कागदी नकाशावर चालायचं. काश्मीरवर तर टिकल्यांचा थरच साचला होता. म्हणून ही भिंत.

चौदा तारखेला सकाळीच विजयमालाआजी काठी टेकत आल्या. त्या रोजच यायच्या, "पलीकडं जागा ठेवलीस न्हवं?" एवढंच विचारायच्या, आणि रंगाच्या नादात अंकिता "हो हो" म्हणून मोकळी व्हायची. आज आजी राजस्थानच्या कडेशी गेल्या आणि टिकल्यांचं पाकीट हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

"पोरी, हितं पानी कशाला गं केलंस?"

अंकितानं मागं सरून पाहिलं. सीमेबाहेर सगळीकडं तिनं निळा रंग फासला होता. हिमालयाच्या मागंही लाटा काढल्या होत्या शहाणीनं! शाळेच्या नकाशात देश कायम एकटाच बघितलेला. त्याला शेजार असतो हे डोक्यातच आलं नव्हतं.

"एकाहत्तरच्या लढाईत आमचं मालक हितं गेलं," आजी म्हणाल्या. "वाळूत. आपन जिकलेलं ठानं. तिथंच अग्नी दिला. मग तह झाला नि ती जमीन परत गेली. कागदावर तिथं नकाशाची चौकट यायची, म्हनून चौपन्न वर्सं मी नुसती बघत बसले. आन् तू ह्यास्नी समुद्रात बुडवलंस व्हय?"

समारंभाचे कारभारी, माजी सुभेदार लालासाहेब मधे पडले. "आवं वैनी, हद्दीभाईर टिकली कशी चालंल? उद्या सायेब लोक येनार. म्हनतील, गावानं हद्दच हलवली."

"हद्द ऱ्हाऊ द्या की जिथल्या तिथं. मी काय जमीन मागती का? मानूस कुठं हाय, तेवढं दावती."

लालासाहेब रेघ राखायला भिंतीपाशी जाऊन उभे राहिले. अंकितानं मात्र पिवळ्या रंगाचा डबा उघडलासुद्धा. "रेघेला बोट लावणार नाही, सुभेदारसाहेब," ती म्हणाली आणि शिडीवर चढली. बायकांनी पदर खोचले, हातात ब्रश घेतले. संध्याकाळपर्यंत समुद्र मागं हटला आणि देशाला शेजार आला.

दुसऱ्या दिवशी झेंडा फडकला आणि पहिला मान आजींचा. टिकलीला हात लावायचा नाही, असं ह्याच गावानं एकेकाळी त्यांना बजावलं होतं. आज तेच गाव बाजूला सरून वाट देत होतं. आजींनी वाळूत टिकली दाबली. "सापडलासा," त्या म्हणाल्या. अंकिता हसतही होती आणि रडतही होती.

मग एकच गलका उठला. बनाबाई पुढं घुसल्या, "माझा दीर शिरीलंकेत गेला, शांतिसेनेत. ते कुठं येतं?" अंकितानं घाईत खाली बेट काढलं. कुणाचा पणजा पहिल्या महायुद्धात इराकातल्या बसऱ्याला, तो भिंतीच्या पार टोकाला गेला. भिंत संपली तरी बायका संपेनात!

गर्दी जरा हटल्यावर लालासाहेब हळूच जवळ आले.

"पोरी, इटली कुठं येती?"

"का हो?"

"तिथं माझा चुलता हाय. इंग्रजाच्या फौजेत मेला. दुसऱ्याच्या राज्यापायी गेला म्हनून घरात त्येचं नाव बी निघत न्हाई."

अंकितानं टेप लावला. भिंत सरली, मधली बोळ सरली. इटली आली समोरच्या, शाळेची खिचडी शिजवायच्या खोलीच्या भिंतीवर, धुरानं काळ्या झालेल्या जागी. पण ज्या घरात नावच निघत नाही, तिथली बाई टिकली लावायला कुठून आणायची?

"तुमीच लावा की," विजयमालाआजींनी पाकीट पुढं केलं.

सुभेदारांनी बोटानं काजळी पुसली. त्यांनी टिकली लावली, मागं वळून नकाशावरच्या साताऱ्याकडं बघितलं.

"काका," ते म्हणाले, "गाव हितनं धा पावलांवर हाय."