शेवटच्या पानावरचं दार

मित्रांनो, ही गोष्ट सन दोन हजार वीसच्या जानेवारीत सुरू झाली आणि पुढच्या वर्षी जूनमध्ये तिचा निकाल लागला. साल मी चुकत नाही. माझ्या पहिल्या पानाच्या कोपऱ्यात एस्पेरांसाबाईंनी ते निळ्या शाईने लिहून ठेवलं आहे : 'चि. तन्वीस, पहिल्या वाढदिवसाच्या आधीच. जानेवारी २०२०.'

मी एक जुनी चित्रांची पोथी आहे. छापखान्यात मला पुस्तकच म्हणत होते. जाड पुठ्ठ्याची सहा पानं, कोपरे गोल, बाळाच्या दातांना पुरून उरेल असा पुठ्ठा. प्रत्येक पानावर पुठ्ठ्याचं एक छोटं झाकण आहे. ते उचललं की आत कोणीतरी असतं. टोपलीखाली कोंबडी, ढगामागे चंद्र, शिडाच्या होडीत मासा, अळवाच्या पानाआड बेडूक, पलंगाखाली मांजर. आणि सहाव्या पानावर एका कौलारू घराचं हिरवं दार. ते उघडलं की छत्री घेतलेला पोस्टमन हसतो. ही झाकणं एका बाईने हाताने चिकटवली होती. तिचं नाव मला कळलं नाही. तिची बोटं मात्र आठवतात. ती घाईत होती, तरी शेवटचं दार तिने दोनदा दाबून पाहिलं होतं.

शिरोड्याजवळच्या एका वाडीत मी आले ती एस्पेरांसाबाईंच्या पिशवीतून. त्या बालवाडीच्या निवृत्त शिक्षिका. शेजारच्या घरात नर्मदाआजी, तिचा मुलगा विनीत, सून अनुजा आणि अकरा महिन्यांची तन्वी राहत. विनीत मालवाहू बोटीवर नोकरीला होता आणि चारच दिवसांत निघणार होता. अनुजा आरोग्य उपकेंद्रात सिस्टर होती. म्हणजे दिवसभर तन्वी आणि आजी, दोघीच.

नर्मदाआजीने मला दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि सरळ देवघरात नेऊन पाटावर ठेवलं. वर कुंकवाचं बोटही लावलं. तो डाग माझ्या मुखपृष्ठावर अजून आहे.

एस्पेरांसाबाई कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. "नर्मदाबाय, आरती करूक दिलंय काय गो मी तां?"

"पोथी मा ती? पायाक लागात."

"लागांदे! चेडवाक दी." बाईंनी तन्वीकडे बोट केलं. "फाडूंदे तिका, चाटूंदे."

"माका खंय वाचूक येता?" आजी हळूच म्हणाली. हे ती सगळ्या वाडीला ठाऊक असूनही हळूच म्हणे.

"चित्राक अक्षरां कित्याक होयी? जां दिसता, तां सांग."

तेवढ्यावर आजीने मला देवघरातून उतरवलं. पण पोथी हे नाव तिने सोडलं नाही, आणि मग मलाही तेच आवडू लागलं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी विनीतने माझ्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढला, आधी झाकण मिटून, मग उघडून. तो म्हणाला, "आये, बोटीरसून मी वाचतलंय. तू हय उघड."

आणि तसंच झालं. दर बुधवारी आणि रविवारी, बोटीला नेट मिळालं तर, फोन येई. आजी फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवी, मांडीत तन्वी, तन्वीच्या मांडीत मी. फोनमधून आधी तीन टकटकी ऐकू येत. विनीत कशावर तरी बोटाचं पेर आपटत असे.

"टक टक टक! टोपलेखाली कोण आसा?"

तन्वी झाकण उचली. आजी ओरडे, "कोंबडी! आमची तांबडी!" आणि तिघंही हसत. मी त्या वेळी किती सुखात होते, ते मला सांगता येणार नाही. माझं काम एवढंच होतं की उघडायचं आणि मिटायचं. बाकी सगळं तीच माणसं आणत होती. आवाज, हसू, मांडीची ऊब, आजीच्या बोटांचा खोबऱ्याच्या तेलाचा वास.

एकच गोष्ट वाईट होई. पाचव्या पानापर्यंत येता येता नेट दमून जाई. "टक टक टक, दारात कोण..." सहाव्यावर एवढंच म्हणून विनीतचा चेहरा थिजे आणि मग काळोख. तन्वी शेवटचं दार शांततेत उघडी. आत पोस्टमन. ती त्याच्याकडे बघे, दाराच्या मागे बघे, मला उलटी करून पाठीकडूनही बघे. ज्याचा आवाज आत्ता दारापर्यंत आला होता, तो कुठे गेला, ते ती शोधत होती. मला ते कळत होतं. पण मित्रांनो, माझ्यात जे चिकटवलेलं असतं तेवढंच मी दाखवू शकते.

मार्चमध्ये सगळं जग बंद झालं. अनुजा पहाटे जाऊ लागली आणि रात्री येऊन आधी विहिरीवर अंघोळ करून मगच घरात पाऊल ठेवू लागली. विनीतच्या कराराचे नऊ महिने ऑक्टोबरात भरले, पण बोटीवरच्या कुणालाच कुठल्या बंदरात उतरू देईनात. "फुडल्या महिन्यात" असं तो म्हणे. दर महिन्यात तेच म्हणे.

मग आजीने ती गोष्ट केली.

विनीतच्या बोटीच्या कागदांसाठी काढलेल्या फोटोंतला एक फोटो पेटीत उरला होता. निळी पार्श्वभूमी, इस्त्रीचा शर्ट, हसू नाही. आजीने ताटातली भाताची चार शितं घेतली, बोटाने मळली आणि तो फोटो माझ्या शेवटच्या दारामागे पोस्टमनच्या तोंडावर बसवला. जन्मभर तिने पाकिटं आणि फाटलेल्या नोटा अशाच चिकटवल्या होत्या. शितं वाळली की दगड होतात.

"चेडू बापसाक इसरात," ती स्वतःशीच म्हणाली. "इसरूक नको."

दुसऱ्या दिवशी तन्वीने दार उघडलं आणि आत बाबा होता. आवाज ज्या दारापर्यंत येऊन विझे, त्याच दारात. तिचा शोध संपला. फोन कापला गेला तरी ती आता रडेना. दार उघडी, "बाबा" म्हणे, त्याला मुका देई, आणि दार लावी. वाडीतल्या बायका बघायला आल्या. "बरी शक्कल काढलंस गो, नर्मदे!" आजी लाजली. अनुजानेही ते पाहिलं, थकलेल्या डोळ्यांनी हसली आणि झोपायला गेली.

फक्त मी हसले नाही. मला दिसत होतं की आजीही आता पूर्वीसारखं बोलत नाही. तन्वी माझ्याशीच रमते म्हटल्यावर ती कामाला लागे, आणि बाळ एकटंच दार उघडी आणि मिटी. मला ओरडून सांगावंसं वाटे, नर्मदे, तो ह्यात मावत नाही गो. मी बोटभर जाड आहे. पण मला झाकणं आहेत, तोंड नाही.

पुढच्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं. दोन माड आडवे झाले, अंगणापलीकडच्या मांगराची कौलं उडाली, आणि कितीतरी दिवस ना वीज ना फोन. त्या दिवसांत तन्वीने एकदाही फोन मागितला नाही. तिने माझ्या दारातल्या बाबाला पेज भरवली. फोटोच्या ओठांवर तांदळाचा पांढरा थर वाळला.

आणि जूनमध्ये विनीत खरोखरच आला.

तो आला, पण घरात आला नाही. अनुजाने सक्त सांगितलं होतं की आठ दिवस मांगरात राहायचं, तोंडाला मास्क, खळं, म्हणजे मधलं अंगण, ओलांडायचं नाही. मांगर म्हणजे गवत-लाकडं साठवायची खोप. कौलं नुकतीच बसवली होती.

"आये, वाळीत टाकलंस काय गो माका?" तो तिथून ओरडला.

"मी नाय, तुझ्या बायलेन टाकल्यान. सिस्टर ती! तिचो कायदो."

मग काय झालं असेल? तो तिथून, वीस पावलांवरून, फोन करू लागला. तांब्याला टेकवलेल्या फोनवर बाबा टकटक करी, आणि खळ्यापलीकडे मास्क लावलेला एक दाढीवाला माणूस हात हलवी. ह्या दोघांचा एकमेकांशी काही संबंध आहे, असं तन्वीच्या मनातही आलं नाही. तिने त्याचं नाव ठेवलं, मांगरातलो मामा.

नवव्या दिवशी विनीत दाढी करून, अंघोळ करून ओसरीवर आला आणि गुडघे टेकून बसला. "तन्वी! बाबा इलो, बाय!"

तन्वीने त्याच्याकडे पाहिलं. मग ती आत धावली, मला दोन्ही हातांनी ओढत घेऊन आली आणि त्याच्यासमोर शेवटचं दार उघडलं. "बाबा हय आसा," ती म्हणाली. रागाने नाही, समजावून सांगावं तशी. "तू मामा."

विनीत हसला. पहिल्या दिवशी हसला. पण हे रोज घडू लागलं. त्याने उचललं की ती ताठ होई, जेवण भरवलं की तोंड फिरवी, आणि आपल्या पानावरच्या बाबाकडे जाऊन बसे. त्याला पुन्हा बोटीवर जायला तीन महिने होते. त्यातले पंधरा दिवस असेच गेले.

सोळाव्या दिवशी त्याचा धीर सुटला. "ह्यो मी न्हय!" तो म्हणाला आणि त्याने तो फोटो नखाने सोलायला घेतला. मी म्हटलं ना, शितं दगड होतात. फोटो निघाला नाही, फाटला. वरचा तुकडा त्याच्या हातात आला आणि त्याच्याबरोबर माझं कातडंही निघालं. माझ्यात राहिलं ते एवढंच : फोटोतली हनुवटी आणि शर्टाची कॉलर, आणि खाली पोस्टमनची पिशवी.

तन्वीने जो हंबरडा फोडला, तो मी माझ्या सगळ्या पानांत ऐकला.

"आये, ह्या काय करून ठेवलंस गो तू?" विनीत फाटका तुकडा हातात धरून उभा होता.

नर्मदाआजीने मला उचललं, पदराने पुसलं. बापाच्या हातून मुलीचा बाबा फाटला होता, आणि तो तिथे बसवला होता तिने. त्या रात्री ती जेवली नाही. तन्वीही जेवली नाही.

सकाळी आजीने विनीतला हाक मारली. "मी केलंय, मीच सारख्या करतंय. तू भायर जा. दार लावतंय मी. हाक मारलंय की तुझा ता टकटक कर. मोठ्यान नको, फोनार करतंस तसाच."

तिने घराचं दार लावून घेतलं. मला दारासमोर जमिनीवर उघडं ठेवलं, तन्वीला मांडीत घेतलं. कितीतरी महिन्यांनी ती पुन्हा पानोपान बोलत गेली, कोंबडी, चंद्र, मासा, बेडूक, मांजर. शेवटचं पान आलं तेव्हा तिने आवाज चढवला.

"मगे? फुडे काय रे, विनीता?"

बाहेरून आवाज आला. "टक टक टक. दारात कोण आसा?"

तन्वीने माझं झाकण उचललं. आत हनुवटी आणि पिशवी. पुन्हा टकटक झाली, आणि ती माझ्यातून झाली नाही. तिने मान वर केली. आजीने बोट केलं नाही, काही सांगितलं नाही. नुसती थांबली. तन्वी उठली, तिने दार दोन्ही हातांनी ओढून उघडलं.

विनीत उंबऱ्याबाहेर गुडघ्यावर बसला होता. तिने त्याला पाहिलं, आणि दार लावून टाकलं.

"टक टक टक."

उघडलं. पाहिलं. लावलं. मी मोजत होते. तिने तसं अकरा वेळा केलं. सातव्या वेळी हसली. बाराव्या वेळी दार उघडं ठेवलं आणि म्हणाली, "बाबा."

आजीने पदर तोंडाला लावला. मी जमिनीवर उघडीच होते. त्या दिवशी मला मिटायचंही कुणाला सुचलं नाही. वाईट वाटलं का? थोडं वाटलं.

सप्टेंबरात विनीत पुन्हा बोटीवर गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तन्वीने घराच्या दारावर आतून तीनदा टकटक केली आणि ते उघडलं. बाहेर खळं होतं, माड होते. ती बराच वेळ उभी राहिली. ह्या वेळी आजीने काहीही चिकटवलं नाही. ती तिच्या शेजारी उंबऱ्यावर जाऊन बसली. तिला आणि मला, दोघींनाही, ह्याहून जास्त काही करता येत नव्हतं.

मित्रांनो, जपून ठेवा असं माझं मागणं नाही. चावा, चाटा, कोपरे मोडा. सहा वर्षं म्हणजे माझ्या जातीत सत्तरी. मला झिजायचंच आहे. फक्त बाळाला माझ्याजवळ सोडून उठून जाऊ नका. मी दार आहे. दारामागे कोणीतरी लागतं, आणि मांडी द्यायलाही कोणीतरी लागतं.

आता ही सगळी माणसं कुठे आहेत ते सांगते. नर्मदाआजी दोन हजार तेवीसच्या श्रावणात गेली. अक्षर तिला शेवटपर्यंत वाचता आलं नाही, पण माझी सहाही पानं ती डोळे मिटून म्हणत असे. एस्पेरांसाबाई थकल्या आहेत. दिसत नाही म्हणतात, तरी रविवारी चर्चला जाताना खळ्यातून हाक मारतात. अनुजाची बदली नांदगावला झाली होती. दोन वर्षं काढून ती परत आली. विनीत अजून बोटीवरच आहे. आता नेट बरं आहे, सहावं पानसुद्धा पूर्ण होतं.

तन्वी दुसरीत आहे. तिला धाकटा भाऊ झाला आहे, जितू, दीड वर्षाचा. दुपारी ती मला काढते, त्याला मांडीत घेते, आणि आजीसारखीच ओरडते, "कोंबडी! आमची तांबडी!" काल जितूने शेवटचं दार उघडलं, आतल्या त्या हनुवटीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "बाबा?"

तन्वीने त्याचं बोट हळूच उचललं.

"ह्यो अर्धोच आसा रे," ती म्हणाली. "अख्खो बाबा बोटीर आसा. मे महिन्यात येतलो."